सुवर्णकाळ नक्की कोणत्या साली संपला?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव परवा-परवापर्यंत 'कोल्हापूरच्या कुस्तीचा सुवर्णकाळ आणि अस्त' असं होतं. आता ते नाही. नाव का बदललं ते सांगायला आजची पोस्ट. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं घर पुलाच्या शिरोलीत. वडील एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर होते. संशोधनासाठी मी ज्या जुन्या पैलवानांशी बोलते, त्यांतले बरेच मला तालमीत भेटले नाहीत. ते भेटले शिरोली एमआयडीसीत, पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर. असेच एक मामा. वडिलांच्या ओळखीचे, आता निवृत्त. उमेदीच्या काळात दिवसा साचे भरायचे आणि जत्रेच्या हंगामात गावोगाव कुस्त्या धरायचे. त्यांना मी मोठ्या हौसेनं माझा तक्ता दाखवला. चार रकाने होते: शाहू पर्व १८९४ ते १९२२, संस्थानी पर्व १९४९ पर्यंत, मग सुवर्णकाळ १९८० पर्यंत, आणि शेवटच्या रकान्यात 'अस्त'.

मामांनी चष्मा लावून तक्ता नीट वाचला. मग म्हणाले, "ह्यात मी कुठं बसतो गं पोरी?"

मी विचारलं, पहिली मोठी कुस्ती कधी धरली? म्हणाले, ब्याऐंशी सालात. मी काही बोलले नाही. त्यांनीच शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "म्हंजे माझी सगळी कुस्ती ह्या अस्तात गेली म्हण की."

हसत म्हणाले, पण मला ते लागलं. वाईट वाटलं म्हणून कुणी प्रबंध बदलत नाही, ते खरं. तरी त्या रात्री मी तक्त्यातल्या प्रत्येक रेघेला एक साधा प्रश्न विचारला: ही रेघ इथंच का? आणि एकाही रेघेला मला धड उत्तर देता येईना.

युगं पाडायच्या तीन पद्धती

खेळाच्या इतिहासात युगं पाडण्याचं वेड फक्त आपल्याला नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलबद्दल, म्हणजे एनबीएबद्दल, लिहिणारे लोक तर याच्यावरच जगतात. तिथलं उदाहरण आधी बघू, कारण तिथं आकडे नीट ठेवलेले आहेत आणि आपल्या भावना आड येत नाहीत.

पहिली पद्धत विजेत्यावरून युग पाडायची. बिल रसेलच्या बोस्टन संघानं १९५७ ते १९६९ या १३ हंगामांत ११ विजेतेपदं मिळवली, म्हणून ते रसेल युग. मायकल जॉर्डननं १९९१ ते १९९८ मध्ये सहा मिळवली, म्हणून ते जॉर्डन युग. सांगायला सोपं, पोस्टरवर छापायला सोपं. पण यातून माणूस बदलला एवढंच कळतं, खेळ बदलला की नाही ते कळत नाही. जॉर्डन १९९८ मध्ये शिकागो सोडून गेला. पण संघांना झोन पद्धतीनं बचाव करायची मोकळीक २००१-०२ च्या हंगामात मिळाली, आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला हातानं अडवण्यावर कडक बंदी २००४-०५ पासून आली. खेळणाऱ्यांच्या अंगाला जाणवलेला बदल हा. पोस्टरवर त्याची तारीख नसते.

दुसरी पद्धत नियमावरून. इथं एक नमुनेदार उदाहरण आहे. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन आणि मिनियापोलिस यांचा सामना १९-१८ असा संपला. एका संघानं चेंडू नुसता धरून ठेवला, दुसरा बघत बसला, आणि प्रेक्षकांनी पैसे कशाचे दिले ते त्यांनाच कळेना. १९५४ मध्ये सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशोब मांडला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात. भागाकार केला की २४ येतात. म्हणून २४ सेकंदांत चेंडू टाकायचाच, असा नियम आला. एका संघाचे सामन्यामागचे सरासरी गुण एका हंगामात ७९.५ वरून ९३.१ वर गेले. इथं रेघ मारली तर ती पक्की बसते. का बसते? कारण नियम करणारी संस्था एक, तो सगळ्यांना लागू, आणि त्याच दिवसापासून लागू.

तिसरी पद्धत शैलीवरून, आणि गोंधळ सगळा इथं. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा एनबीएत १९७९-८० मध्ये आली. त्या हंगामात एक संघ एका सामन्यात असे तीनहून कमी प्रयत्न करायचा. २०१८-१९ मध्ये हाच आकडा ३२ झाला. मग तीन गुणांचं युग कधी सुरू झालं? नियम आला तेव्हा, की स्टीफन करीनं २०१५-१६ मध्ये एका हंगामात ४०२ वेळा तो चेंडू आत घातला तेव्हा? मध्ये ३६ वर्षं आहेत. रेषा मैदानावर होती, लोक तिच्या आत खेळत होते.

आता हे तीन गज घेऊन कोल्हापुरात येऊ.

पहिली रेघ: राजाश्रय गेला

आपल्याकडे सगळ्यात जास्त सांगितली जाते ती ही गोष्ट. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला. १९०२ च्या विलायतेच्या दौऱ्यात रोमचं कलोझियम पाहून आले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. उद्घाटनाला इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची जोड झाली. १९२२ ला महाराज गेले, १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, आणि कुस्ती पोरकी झाली.

गोष्टीचा पहिला भाग खरा आहे. शेवटचं वाक्य तपासू. श्रीपती खंचनाळे हिंद केसरी झाले १९५९ ला, दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला पाडून. गणपतराव आंदळकर झाले १९६० ला. विलीनीकरणाच्या वेळी दोघंही चौदा वर्षांच्या आसपास होते. म्हणजे त्यांच्या घडण्याची मुख्य वर्षं संस्थान गेल्यानंतरची. राजाश्रय संपला म्हणून कुस्ती संपली असेल, तर तिची सर्वांत मोठी नावं राजाश्रय संपल्यावर कशी तयार झाली?

उत्तर असं की आश्रय संपला नाही, आश्रय देणारे बदलले. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हातभार लावला. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. चार वर्षांत महाराजांच्या जागी मास्तर आले. पुढं १९५३ ला कुस्तीगीर परिषद आली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा सुरू झाली, आणि मग सहकारी साखर कारखाने आले. कागलच्या शाहू कारखान्यानं स्पर्धा भरवल्या, मल्लांना मानधन दिलं. उसाच्या पैशानं खुराक चालला. १९४९ ची रेघ राजघराण्याच्या इतिहासात पक्की आहे. कुस्तीच्या इतिहासात ती कच्ची आहे.

दुसरी रेघ: मॅट आली, माती गेली

गावात कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. मीही तेच लिहिलं होतं. "मॅटच्या आगमनानं मातीतल्या कुस्तीचा सुवर्णकाळ संपुष्टात आला." वाक्य वजनदार आहे. फक्त तारखा जुळत नाहीत.

खाशाबा मॅटवर पहिल्यांदा लढले १९४८ ला. सहावे आले. १९५२ ला कांस्यपदक जिंकलं, तेही मॅटवरच. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण घेतलं, सांगलीकडच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाईलमध्ये. दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी. त्यांनी १९७४ ला क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. आपण ज्यांना मातीच्या सुवर्णकाळाचे हिरो म्हणतो, त्यांतले बरेच मॅटवर पदक घेऊन आले होते. मॅट ही सुवर्णकाळाच्या शेवटाला आलेली पाहुणी नाही. ती त्याच घरात राहत होती.

मग काही बदललंच नाही का? बदललं. पण आपण चुकीच्या वस्तूकडं बघत होतो. महाराष्ट्र केसरीत आजही माती विभाग आहे आणि मॅट विभाग आहे, दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. पण माती विभागातली कुस्तीसुद्धा आता वेळ लावून, गुण मोजून होते. जुनी निकाली कुस्ती म्हणजे पाठ टेकेपर्यंत. ताकद, दम आणि धीर यांची परीक्षा, कधी तासन्तास. आता खाली लाल माती आहे, तिच्यात ताक, लिंबू, हळद सगळं आहे, पण डोक्यावर घड्याळ मॅटचं आहे. पायाखालचं बदलण्याआधी वेळ बदलली.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग? कामावर भोंगा, कुस्तीत शिट्टी. दोन्हीकडं घड्याळच की." या एका वाक्यासाठी मला दहा पानं लागली असती.

घड्याळ आलं की शरीर बदलतं. तासभर टिकायचं असेल तर एक प्रकारचा खुराक आणि जोर-बैठकांचे वेगळे आकडे लागतात. सहा मिनिटांत गुण घ्यायचे तर चपळाई लागते, वजन नेमकं ठेवावं लागतं. आणि हे घड्याळही एकदा आलं आणि ठरून गेलं, असं नाही. २००५ ला आंतरराष्ट्रीय महासंघानं दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्या. फेब्रुवारी २०१३ ला ऑलिंपिक समितीनं कुस्तीला मुख्य खेळांतून वगळायची शिफारस केली, तशी धावपळ झाली, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि एकूण गुण अशी पद्धत आली, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आत घेतली गेली. आठ वर्षांत दोनदा घड्याळ बदललं. मॅटवरच्या मल्लांना त्याच्यामागं धावावं लागलं. जत्रेतल्या मल्लांना त्या वर्षी त्याचा पत्ताही नव्हता.

मुद्दा इथं आहे. बास्केटबॉलची १९५४ ची रेघ पक्की बसते, कारण मालक एक होता. आपल्याकडं प्रत्येक जत्रा कमिटी स्वतःची मालक आहे. या गावच्या मैदानात निकाली, पलीकडच्या गावात वेळ संपली की गुणांवर, तिसऱ्या गावात बरोबरीत सोडून इनाम वाटून. एकच पैलवान एका महिन्यात तीन 'युगांत' कुस्ती खेळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर महाराष्ट्र केसरीच दोन झाल्या, एक फुलगावला आणि एक धाराशिवला. गदा कुणाची तेच एक नाही, तिथं युग एक कसं असेल?

तिसरी रेघ: कोल्हापूरला गदाच मिळेना

ही रेघ वर्तमानपत्रांची लाडकी. २००० साली विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले, दादूंचे चिरंजीव. त्यानंतर २०२२ ला पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटीलनं साताऱ्यात गदा जिंकली. मधली दोन दशकं म्हणजे दुष्काळ, असा हिशोब.

ही विजेत्यावरून युग पाडायची पद्धत झाली. तिचा एक दोष वर सांगितला. पण इथं आणखी एक चूक लपलेली आहे, आणि ती मीही केली होती. कोल्हापूरचा पैलवान म्हणजे कोण?

खंचनाळे मूळ एकसंब्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले. आंदळकर पुनवतचे, सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातले. एक शाहूपुरी तालमीत घडले, दुसरे मोतीबागेत. आपण दोघांनाही बिनदिक्कत कोल्हापूरचे म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो, कारण ते इथल्या हौद्यात तयार झाले. आता २०२३ ला फुलगावची गदा जिंकणारा सिकंदर शेख घ्या. मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा, घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. त्याची गदा कुठल्या जिल्ह्याच्या खात्यात मांडतात? जन्मगावाच्या.

लक्षात आलं? सुवर्णकाळ मोजताना आपण तालीम मोजतो आणि दुष्काळ मोजताना जन्मगाव. मापच बदललं तर घट दिसणारच. सगळी घट खोटी आहे, असं मी म्हणत नाही. माप एक ठेवून परत मोजल्याशिवाय ती किती आहे ते कळणार नाही, एवढंच म्हणते. ते मोजायचं काम मी आता करतेय.

मग एमआयडीसीनं पैलवान खाल्ले, त्याचं काय?

हे वाक्य मला शिरोलीत निदान पाच-सहा जणांनी ऐकवलं. पोरं तालमीत जायची ती कारखान्यात जायला लागली, म्हणून कुस्ती गेली. यातही तथ्य आहे. भट्टीसमोर आठ तास उभं राहून आलेल्या पोराला पहाटे चारला उठवणं सोपं नाही. पण त्याच फौंड्रीच्या पगारातून थोरल्या भावानं धाकट्याचं दूध-बदाम चालवल्याची उदाहरणंही मला त्याच गल्लीत मिळाली. जत्रेच्या इनामाच्या पावत्यांवर वर्कशॉपवाल्यांची नावं आहेत. कारखान्यानं काही पैलवान नेले आणि काही पोसले. दोन्ही एकाच वेळी.

आणि बदल कसा होतो, हे शिरोलीतल्या माणसाला खरं तर सांगायलाच नको. कुपोला भट्ट्या जाऊन इंडक्शन फर्नेस आल्या, त्या कोणत्या साली? विचारून बघा. प्रत्येक शेडचं साल वेगळं. कित्येक ठिकाणी नवी फर्नेस चालू होती आणि जुना कुपोला त्याच आवारात उभा होता, वीज गेली की पुन्हा आठवण यायची. सवय जायला यंत्रापेक्षा जास्त वेळ लागतो. यंत्राबद्दल आपण हे सहज मान्य करतो. कुस्तीबद्दल मात्र आपल्याला एक साल, एक मैदान आणि एक शेवटचा महान पैलवान हवा असतो.

एवढा कीस कशाला?

माझे मार्गदर्शक हेच विचारतात, तुम्हीही विचाराल. नाव काहीही द्या, फरक काय पडतो?

पडतो. एखादी गोष्ट संपली असं एकदा ठरलं की आपण तिच्याशी वेगळं वागतो. संपलेल्याचं स्मारक करतात, चालू असलेल्याची डागडुजी करतात. 'सुवर्णकाळाचा वारसा' म्हटलं की स्मरणिका निघते, पुतळा होतो, फोटोंचं दालन होतं. हौद्यातली माती बदलायला, पोरांच्या दुखापतीला, वस्तादांच्या मानधनाला त्या शब्दात जागा नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त टोचते. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. माझ्या जुन्या तक्त्यात ही घटना 'अस्त' या रकान्यात पडत होती. एका बाजूला पोरींना पहिल्यांदा गदा मिळतेय आणि माझा तक्ता सांगतोय की सगळं संपलं. मी स्वतः मुलगी, लहानपणी तालमीच्या दारातूनच आत बघितलेली. तरी तो तक्ता करताना हे माझ्या ध्यानात आलं नाही. सुवर्णकाळ हा शब्द इतका चकचकीत आहे की कुणासाठी सुवर्ण, हे विचारायचंच राहून जातं.

म्हणून मी आता रकाने काढून टाकलेत. त्याऐवजी चार आडव्या पट्ट्या आहेत: पैसा कुणाचा, घड्याळ कुणाचं, घडण कुठं झाली, आणि दार कुणाला उघडं. प्रत्येक पट्टी वेगळ्या वर्षी रंग बदलते आणि बराच काळ दोन रंग एकमेकांत मिसळलेले असतात. दिसायला घाणेरडा तक्ता आहे. मार्गदर्शकांना अजून पटलेला नाही. पण तो मी मामांना परत दाखवला. त्यांनी ब्याऐंशी साल शोधलं, चारी पट्ट्यांवरून बोट खाली नेलं आणि म्हणाले, "हां. हितं हुतो मी."

जाता जाता एक काम सांगते. तुमच्या घरी, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, कुठंही जुन्या कुस्ती मैदानाची पत्रकं असतील तर टाकू नका. जत्रा कमिट्या छापायच्या ती, जोडी आणि इनामाची रक्कम असलेली. कुठल्या गावच्या पत्रकावर 'निकाली' हा शब्द कधीपर्यंत होता आणि 'गुणांवर' कधी आला, 'मॅट' कधी आली, महिलांची जोड पहिल्यांदा कधी लागली, हे दुसरीकडं कुठं लिहिलेलं नाही. फोटो काढून ठेवा, मागं गावाचं नाव लिहा. मला कळवलंत तर मी शिरोलीहून गाडी काढून येते. ऊन असलं तरी.